स्मोक्ड पोर्कला क्रिओल सीझनिंगचा रब : माझं नक्की कुठे चुकलं?

धुरंधर_ह्यूस्टन

मंडळी, जरा मदत करा. गेल्या शनिवारी घरी बारा माणसं जेवायला होती आणि मी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पोर्क शोल्डर स्मोक करणार, रात्रभर जागणार वगैरे. ह्यूस्टनला येऊन सहा वर्षं झाली, इथे खरा धर्म ब्रिस्केटचा (गाईच्या छातीचं मांस), पण आमच्या गल्लीत निम्मी माणसं लुइझियानातून आलेली त्यामुळे त्यांच्या नादानं मी पोर्ककडे वळलो. शेजारचे काका लेक चार्ल्सचे. ते टोनी सॅशरीचा तो क्रिओल सीझनिंगचा (लुइझियानाचा तयार मसाला) हिरवा डबा अंड्यावर, मक्यावर, पॉपकॉर्नवर, कलिंगडावर सुद्धा (खरंच!) शिंपडतात. म्हटलं एवढं सगळ्यावर चालतं तर शोल्डरवर का नाही, रब (मांसाला वरून चोळायचा कोरडा मसाला) म्हणून हेच लावू.

तर केलं काय ते सांगतो. ८ पौंडाचा म्हणजे साधारण ३.६ किलोचा बॉस्टन बट (खांद्याचा वरचा भाग), हाडासकट. आदल्या रात्री ड्राय ब्राइन (कोरडं मीठ लावून मुरवणं) म्हणून जाड कोशर मीठ २ टेबलस्पून चोळून फ्रिजमध्ये. सकाळी मोहरीची पेस्ट लावून त्यावर क्रिओल सीझनिंग, सगळीकडून नीट बसेपर्यंत, अर्धा कप तरी गेलं असेल. २२५ डिग्री फॅरनहाइटला हिकरीच्या लाकडावर साडेतेरा तास. मांसाच्या आतलं तापमान २०३ झाल्यावर काढलं. दिसायला एक नंबर, वरची बार्क (धुरात सुकलेली खरपूस साल) काळीभोर, हाड हातानं ओढलं तर सुळकन बाहेर.

आणि चवीला नुसता समुद्र! बार्कचा तुकडा तोंडात घातला तर जीभ आक्रसली. पाहुणे सज्जन, बन घेऊन, कोलस्लॉ जास्त घालून खाल्लं बिचाऱ्यांनी, पण बायको म्हणाली लोणच्यासारखं पानात डाव्या बाजूला वाढायचं होतंस. चार पौंड तरी उरलंय. चूक कुठे झाली आणि उरलेल्याचं काय करू?

बार्कप्रेमी

हाहा, डाव्या बाजूला :) तुमच्या बायकोला +१.

अहो पण मी तर कित्येक वर्षं हेच लावतोय, शोल्डरला पण आणि रिब्जना पण, कधी खारट झालं नाही. मीठ वेगळं लावायचंच नाही ना. तुम्ही आधी मीठ, वर परत मीठ, मग काय होणार?

धुरंधर_ह्यूस्टन

परत मीठ कुठे? वर मसाला लावला ना.

मोजूनमापून

धुरंधरराव, तिथेच घोळ आहे. तो मसाला नाही, मसाला लावलेलं मीठ आहे ते. डबा उलटा करून घटक वाचा, पहिला शब्द मीठ, मग लाल मिरची, काळी मिरी, चिली पावडर, लसूण. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, त्यामुळे पहिला कोण हे महत्त्वाचं. आणि सोडियमचा आकडा बघा, पाव चमचा म्हणजे १ ग्रॅम, त्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम. मिठात सोडियम वजनानं ३९ टक्के असतं, म्हणजे त्या १ ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅमहून जास्त नुसतं मीठ.

आता तुमचा हिशेब मांडू. अर्धा कप म्हणजे ८ टेबलस्पून म्हणजे २४ चमचे, चमच्याला ४ ग्रॅम धरले तर ९६ ग्रॅम सीझनिंग. त्यातलं ७२ ग्रॅम तरी मीठ. रात्रीचं कोशर मीठ धरा २५-३० ग्रॅम. झालं शंभर ग्रॅम मीठ ३.६ किलोला, आणि त्यात हाडाचं वजन पण आलं. जवळजवळ पावणेतीन टक्के. मांसाला साधारण १ टक्का मीठ पुरतं, दीड म्हणजे डोक्यावरून पाणी. वर तेरा तासात मांसातलं पाणी उडून आणि चरबी वितळून वजन तिसऱ्या हिश्शानं तरी उतरतं, म्हणजे उरलेल्यात मीठ अजून दाट. (थोडं रसाबरोबर खाली पण गळतं म्हणा.)

बार्कप्रेमींचं जमतं कारण ते नुसतं भुरभुरवत असणार. मोजलंय कधी?

बार्कप्रेमी

मोजत कोण बसतंय, हात सांगतो. पण हो, माझा पातळच असतो थर.

लफायेतवाली

मी इथे लुइझियानात लफायेतला चौदा वर्षं आहे, नवरा केजन, सासर सगळं बायूकाठचं (बायू म्हणजे इथली संथ, दलदलीची खाडी), त्यामुळे चार आणे माझेही.

एक तर हा डबा रब म्हणून जन्माला आलेलाच नाही. टोनी सॅशरी ओपलूससचे, आमच्यापासून अर्ध्या तासावर, निवृत्त झाल्यावर १९७२ साली त्यांनी हे विकायला सुरुवात केली. प्रसिद्ध शेफ पॉल प्रुडॉम पण तिकडचेच. इथल्या घरात हा डबा मिठाच्या जागी असतो, मिठाशेजारी नाही. माझ्या सासूबाई गंबोत (इथला दाट रस्सा) मीठ घालतच नाहीत, शेवटी चव बघून हिरवा डबा. तुमचे लेक चार्ल्सचे काका कलिंगडावर टाकतात ते पण मीठ म्हणूनच, आपण पेरूला तिखटमीठ लावतो तसं. त्यामुळे हे तिखटमीठच समजा. तिखटमिठाच्या अर्ध्या कपात कुणी मांस घोळवेल का?

दुसरं, तुम्ही पोर्क कुठल्या दुकानाचं घेतलं ते सांगू नका पण पाकिटावर बारीक अक्षरात काय होतं ते बघा. पुष्कळदा "१२ टक्क्यांपर्यंत द्रावण मिसळले आहे" असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे कारखान्यातच सुईनं मिठाचं पाणी भरलेलं. तसं असेल तर तुमच्या मोजूनमापून यांच्या हिशेबात अजून मीठ मिळवा.

धुरंधर_ह्यूस्टन

पाकीट कचऱ्यातून शोधून काढलं (बायकोनं बघितलं नाही). आहे ताई, लिहिलंय, १२ टक्के. म्हणजे तीन वेळा मीठ. धन्य आहे मी.

शेंगदाणाफेम

मला एक बेसिक शंका, मी स्वतः पोर्क खात नाही नुसता वाचतोय. केजन आणि क्रिओल एकच ना? सगळे उलटसुलट वापरतायत.

लफायेतवाली

नवऱ्यासमोर विचारू नका, जेवण थंड होईल :)

थोडक्यात सांगते. केजन म्हणजे अकाडियातले फ्रेंच, आताच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले, १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हाकललं, त्यातले बरेच लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ भागात येऊन राहिले. अकाडियनचं घासून घासून केजन झालं. क्रिओल म्हणजे मुख्यतः न्यू ऑर्लिन्सचं शहरी मिश्रण, फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन, कॅरिबियन सगळं. स्वयंपाकात ढोबळ फरक असा सांगतात की क्रिओलमध्ये टोमॅटो, लोणी आणि थाइम-ओरेगॅनोसारखी पानं जास्त, केजनमध्ये एकाच भांड्यात शिजवलेलं, मिरी-मिरची जास्त. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची दोघांकडेही. दुकानातल्या डब्यांवर मात्र ज्याला जे आवडलं ते नाव, चवीवरून ओळखायला जाऊ नका. ओपलूससच्या केजन मुलुखातला डबा आणि त्यावर नाव क्रिओल, यातच काय ते समजा.

बार्कप्रेमी

व्हिल प्लॅटचा "स्लॅप या मामा" नावाचा मसाला मी पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आमच्या मातोश्री इथे आलेल्या होत्या. डब्यावरचं वाचून म्हणाल्या, मामानं काय केलंय रे यांचं? मामा म्हणजे इथे आई म्हटल्यावर तर डबा कपाटात मागे ढकलून दिला.

मोजूनमापून

=)) =))

मूळ मुद्द्यावर येतो. धुरंधरराव, पुढच्या वेळी मीठ आणि चव ही दोन कामं वेगळी करा. मीठ हा एकच पदार्थ मांसात खरोखर आत शिरतो, त्याचे आयन बारीक, पाण्यात विरघळतात आणि रात्रभरात हळूहळू आत सरकतात. लसूण, पाप्रिका, मिरी, थाइम, हे सगळं वरच्या काही मिलिमीटरातच राहतं, कितीही चोळा आणि कितीही तास ठेवा. म्हणून मीठ आधी, वजनावर, आणि वरचा रब बिनमिठाचा. वरचा थर मग जाड दिला तरी भीती नाही, आणि बार्क होते ती त्या थराचीच. मसाले, मांसातून वर आलेला रस, वितळलेली चरबी आणि धूर, हे सगळं एकत्र सुकून काळं होतं. नुसत्या सीझनिंगवर जाड बार्क करायला गेलात तर मीठ वाढणारच, आणि मीठ आटोक्यात ठेवलंत तर थर पातळ. क्रिओल सीझनिंगचा रब म्हणून प्रॉब्लेम एवढाच आहे.

धुरंधर_ह्यूस्टन

हे पटलं. मग डबा वापरायचाच नाही का? चव आवडते हो मला त्याची.

मोजूनमापून

वापरा की. ड्राय ब्राइनचं मीठ म्हणून तोच वापरा. किलोला ९-१० ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे सपाट, आणि साधं मीठ शून्य. त्यात ७-८ ग्रॅम मीठ जातं, बाकी जागा शेवटी चव बघायला शिल्लक. द्रावण भरलेलं मांस असेल तर तेही नको, रात्री काहीच लावू नका.

लफायेतवाली

आणि वरचा रब घरी करा. मी करते तो असा: पाप्रिका ४ चमचे, लसूण पावडर २, कांदा पावडर २, काळी मिरी २ (ताजी, जाडसर), वाळलेलं थाइम १, ओरेगॅनो १, पांढरी मिरी अर्धा, केयन (तिखट लाल मिरचीची पूड) झेपेल तेवढी. मीठ नाही. शोल्डरसाठी यात ब्राउन शुगर २ चमचे. नवरा म्हणतो साखर ही टेनेसी-मेम्फिसची भानगड, आमच्यात नाही, पण खाताना काही बोलत नाही. २२५-२५० ला साखर जळत नाही, नुसता रंग धरते.

लाकूड हिकरी चालेल पण मिळालं तर पेकन घ्या. आमच्याकडे ते घरचं लाकूड, हिकरीचीच चुलत बहीण पण मवाळ. लाप्लासला, ज्याला अँडुई सॉसेजची राजधानी म्हणतात, तिथे जुनी दुकानं पेकनच्या लाकडावर अँडुई धुरवतात. आणि धूर पातळ निळसर हवा. पांढरा दाट धूर येत असताना मांस आत ठेवलं तर वरचा मसाला कडवट लागतो आणि दोष बिचाऱ्या पाप्रिकाला जातो.

कोथरूडचा_कोळसा

पुण्यातून लिहितोय, आमच्याकडे स्मोकर नाही, झाकणाची गोल केटल ग्रिल आहे. कोळशाची कडेनं साप काढतात तशी दुहेरी रांग लावून एका टोकाला पेटवतो, सहा-सात तास २५० च्या आसपास राहतं. कँपातल्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याकडून दोन किलोचा खांदा सांगून घेतो. पेकन कुठून आणणार, आंब्याचं आणि पेरूचं वाळलेलं लाकूड वापरतो, मस्त गोडसर धूर येतो.

प्रश्न रबचा आहे. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरची घातली, रंग भन्नाट, पण ४ चमचे घातल्यावर पोरं रडली. आणि थाइम इथे सोन्याच्या भावानं मिळतं.

मोजूनमापून

काश्मिरी मिरची गोड पाप्रिकाहून तिखटच, म्हणून केयन पूर्ण काढा आणि काश्मिरी अडीच चमचे करा. थाइमऐवजी ओवा चालेल, दोन्हीत थायमॉल असतं म्हणूनच वास ओळखीचा वाटतो. पण ओवा दांडगा, पाव चमचा जाडसर कुटून, जास्त घातलात तर रब नाही, बाळंतिणीचा काढा होईल.

गोंयचो_पाव

हा धागा वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्या गोव्यात पोर्कला व्हिनेगर आणि लसणाशिवाय हात लावत नाहीत. आणि गंमत बघा, न्यू ऑर्लिन्समध्ये शोरीस नावाचं एक तिखट क्रिओल सॉसेज असतं आणि आमचं चोरीस. नावं ऐकून सख्खी भावंडं वाटतील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुइझियाना स्पेनकडे होता, आमच्याकडे पोर्तुगीज, बाप एकच म्हणायचा. चव मात्र वेगळी, तिकडचं ताजं करून परततात, आमचं मीठ-मिरची-व्हिनेगरमध्ये मुरवून उन्हात वाळवतात, कुणाकडे चुलीवर धुरात टांगतात.

मी एकदा रेशाद मसाला (आमचं लाल मिरची-व्हिनेगरचं ओलं वाटण) लावून शोल्डर स्मोक केला होता. बार्क झालीच नाही, वर चिकट लेप राहिला.

बार्कप्रेमी

ओलं वाटण लावलं की तसंच होतं, पृष्ठभाग सुकायलाच तास न् तास लागतात. व्हिनेगर नंतर पुसून कोरडं करा, किंवा तुकडे झाल्यावर वरून शिंपडा. उत्तर कॅरोलायनावाले तेच करतात, व्हिनेगर आणि मिरची.

बाकी धुरंधर, साडेतेरा तास का लागले? १६० ला अडकलं होतं का?

धुरंधर_ह्यूस्टन

हो ना, १६३ वर चार तास. मला वाटलं थर्मामीटर गेला. दुसरा लावला, तोही १६३. कोळसा वाढवला तरी हलेना.

बार्कप्रेमी

तो स्टॉल. सगळ्यांचा एकदा जीव घेतो. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या फिजिक्सवाल्यानं ओला स्पंज स्मोकरमध्ये ठेवून दाखवलं होतं की तोही तसाच अडकतो. म्हणजे चरबीबिरबीचा संबंध नाही, मांसाला घाम येतोय आणि घाम उडताना गारवा, माठातलं पाणी गार राहतं तेच. बार्क धरली, नखानं खरवडून निघत नाही असं झालं की फॉइल किंवा जाड तपकिरी कागदात गुंडाळा, घाम थांबतो, आकडा चढायला लागतो.

शेंगदाणाफेम

परत एक शंका. पोर्क १४५ ला शिजतं असं वाचलंय, मग हे २०३ पर्यंत का ताणता?

मोजूनमापून

१४५ फॅरनहाइट म्हणजे ६३ सेल्सिअस आणि ३ मिनिटं विश्रांती, हा अमेरिकन सरकारी आकडा अख्ख्या तुकड्यांसाठी, २०११ पासून. तो सुरक्षिततेचा. खांद्यात कोलॅजन भरपूर, १४५ ला खाल्लंत तर चपलेचा अंगठा चावल्यासारखं. कोलॅजनचं जिलेटिन व्हायला वेळ आणि १९५-२०५ लागतं, तेव्हा धागे सुटतात. चॉप किंवा लॉइन मात्र १४५ लाच काढायचं, तिथे २०३ केलंत तर भुसा.

लफायेतवाली

धुरंधर, तुमच्या उरलेल्या चार पौंडांचं विसरलेच. टाकू नका! तुमच्याकडून नकळत टासोच्या जवळपासचं काहीतरी झालंय. टासो म्हणजे आमच्याकडे खांद्याचे इंचभर जाड काप मिठात काही तास मुरवून, केयन-लसणाच्या जाड थरात घोळवून धुरवतात. नुसता खातच नाहीत, खारट जाळ असतो. तो घालायचा असतो गंबोत, जंबालायात (इथला मसालेभात), फरसबीत, आपण वांग्यात सोडे घालतो तसा. चार तुकडे, आख्ख्या भांड्याला चव. तुम्ही पाव पाव पौंडाच्या पुड्या करून फ्रीझरला टाका आणि जिथे घालाल तिथे मीठ शून्यापासून सुरू करा.

पण मुद्दाम टासो करायला गेलात आणि कृतीत "पिंक सॉल्ट" दिसलं तर सावध. ते सैंधव नाही, उपासाचं नाही! त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, ५ पौंड मांसाला एक सपाट चमचा एवढंच, आणि ते मिठाच्या डब्याशेजारी ठेवू नका.

कोथरूडचा_कोळसा

बापरे, हे बरं सांगितलंत ताई. आमच्या घरी गुलाबी मीठ म्हणजे एकादशी.

धुरंधर_ह्यूस्टन

दोन आठवड्यांनी अपडेट. यावेळी खाटकाकडून घेतलं, द्रावण नाही हे तीनदा विचारलं, चौथ्यांदा विचारल्यावर त्यानं बघितलं माझ्याकडे. ७ पौंड, ३.२ किलो. रात्री काट्यावर मोजून ३० ग्रॅम हिरवा डबा, बाकी मीठ नाही. लावल्यावर इतकं कमी दिसलं की हात शिवशिवत होता अजून टाकायला, बायकोनं डबा उचलून नेला. सकाळी लफायेतताईंचा बिनमिठाचा रब, थाइमसकट, चांगला जाड. पेकन, २५० डिग्री. पाचव्या तासाला १६१ वर अडकलं, मी यावेळी शांत. बार्क घट्ट झाल्यावर कागदात गुंडाळलं, एकूण साडेदहा तासात २०३, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून आइसबॉक्समध्ये दीड तास.

मांसाचे धागे सोडवताना चव बघितली, किंचित अळणीकडे. म्हणून सगळं सोडवून झाल्यावर, खालचा रस परत ओतून, वरून एक चमचा हिरवा डबा भुरभुरवला आणि हातानं कालवलं. मंडळी, ही खरी जागा त्याची! लसूण आणि मिरची ताजी लागते, धुरानं मेलेली नाही. लेक चार्ल्सच्या काकांना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी खाल्लं, मान हलवली, आणि वरून अजून डबा शिंपडला.

बार्कप्रेमी

हाहाहा, काका काही सुधरायचे नाहीत. फोटो?

धुरंधर_ह्यूस्टन

फोटो काढेपर्यंत राहिलं नाही. हाड तेवढं उरलंय, चांगलं धुरकट, थोडं मांस चिकटलेलं. त्याचं काय करतात?

लफायेतवाली

अहो हेच तर! न्यू ऑर्लिन्सला सोमवारी लाल राजमा आणि भात. जुन्या काळी सोमवार कपडे धुण्याचा दिवस, रविवारच्या जेवणाचं हाड राजम्यात टाकून भांडं मंद आचेवर चढवायचं आणि कपड्यांकडे वळायचं. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, तमालपत्र, तुमचं हाड, आणि त्या खारट पुड्यांतली एक. मीठ शेवटी बघा. राजमा चमच्यानं थोडा ठेचला की रस्सा दाट होतो.

धुरंधर_ह्यूस्टन

ताई, सगळं आहे घरात, पण आमच्याकडे सोमवार म्हणजे बायकोचा शंकराचा उपास, घरात अंडंसुद्धा फुटत नाही. मंगळवारी सासूबाईंचा गणपती. हाड फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत टिकेल ना?

लफायेतवाली

टिकेल. राजमा मंगळवारी रात्री भिजत घाला.